कातड्याचा विटाळ देवाला नाही

गेल्या महिन्यात आपल्या शहरात लोककलेवरचं एक व्याख्यान ऐकलं, आणि तेव्हापासून मन स्वस्थ नाही. पडद्यावर एक छायाचित्र आलं. लाकडात कोरलेलं बाईचं डोकं, त्यावर नितळ ताणून बसवलेलं कातडं, शिंगांसारखी वळत गेलेली केशरचना. आफ्रिकेतल्या एजाघम लोकांची ही मूर्ती. वक्ते म्हणाले, माणसाच्या कातडीचे हे मुखवटे म्हणजे रानटी भीतीची कला. आपल्याकडे देवाच्या कामात कातड्याला जागा नाही, म्हणून आपली परंपरा सात्त्विक. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. प्रश्नोत्तरांत एका मुलानं उभं राहून विचारलं, मग संबळाचं काय? उत्तर आलं की संबळ हे वाद्य आहे, कातडं तिथं निव्वळ साधन. आता फायबरचं पान मिळतं, ते अधिक टिकतं आणि अधिक शुद्धही असतं.

वक्त्यांचं नाव घेण्यात मला रस नाही. ते जे बोलले ते अनेकांच्या मनात असतं, म्हणूनच टाळ्या पडल्या. पण त्या चार वाक्यांत एका दूरच्या समाजावर अन्याय आहे, आपल्या परंपरेबद्दल धडधडीत चुकीचं विधान आहे, आणि त्या दोहोंच्या तळाशी आपल्याच गावातल्या माणसांचा अपमान आहे. मुलाचा प्रश्न बरोबर होता. त्याला मिळालेलं उत्तर चूक होतं.

आधी त्या डोक्याबद्दल. एजाघम लोक नायजेरियाच्या आग्नेय भागात आणि शेजारच्या कॅमेरूनमध्ये, क्रॉस नदीच्या खोऱ्यात राहतात. ब्रिटिश अधिकारी पी. ए. टॅलबट यांनी 1912 साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्या काळात बाहेरचे लोक त्यांना एकोई म्हणत. शत्रूच्या कातडीचा उपयोग पूर्वी होत असे, अशी आठवण त्या भागात सांगितली जाते. ती लपवायचं कारण नाही. पण आज संग्रहालयांत जी डोकी आहेत ती प्रामुख्यानं हरणाच्या जातीच्या लहान प्राण्याच्या कातड्यानं मढवलेली आहेत. मऊ होईपर्यंत कातडं पाण्यात भिजवायचं, कोरलेल्या लाकडावर ताणायचं, दोऱ्यांनी आणि खुंट्यांनी जखडून वाळू द्यायचं, मग झाडपाल्याच्या आणि सालीच्या रंगांनी रंगवायचं, असं ते काम. काही डोक्यांना दोन तोंडं असतात, एक गडद रंगाचं आणि एक फिकं. काहींवर न्सिबिदी या त्यांच्या चिन्हलिपीतल्या खुणा रंगवलेल्या असतात. हे डोकं चेहऱ्यावर चढवत नाहीत. वेताच्या टोपीवर बसवून माथ्यावर घेतात, आणि नाचणाऱ्याचं अंग पायघोळ वस्त्राखाली झाकलेलं असतं. ही डोकी गावातल्या मंडळांच्या मालकीची असतात. अशा मंडळांपैकी बिबट्याच्या नावानं चालणारं मंडळ तर गावचा न्यायनिवाडाही करत असे. सभासद वारला की त्याच्या अंत्यविधीला, नवा सभासद घेतला की त्या सोहळ्याला, ते डोकं बाहेर निघतं.

आणि बाहेर काढण्याआधी ते उन्हात ठेवतात. कातडं सैल, मऊ झालं की त्याला तेल लावून चकाकी आणतात. फडताळातून काढलं आणि डोक्यावर ठेवलं, इतकं ते सोपं नाही. त्याला आधी जागं करावं लागतं.

हे वाचलं तेव्हा मला फुलंब्री तालुक्यातल्या एका गावचा पोळा आठवला. आभाळ दाटलेलं, सकाळी सर येऊन गेलेली. वेशीत बैल उभे होते, शिंगांना रंग, अंगावर झुली, आणि सगळे हलगीची वाट पाहत थांबलेले. हलगीवाले मामा मारुतीच्या पाराआड उकिडवे बसले होते. समोर चिपाडांचा लहानसा जाळ. हलगीचं कडं जुनं, लाकडाचं, त्यांच्या वडिलांच्या हातचं. वरचं शेळीचं कातडं त्यांनी त्याच वर्षी चढवलेलं. दमट हवेनं कातडं उतरलं होतं. बोटानं टिचकी मारली की भिजल्या फडक्यासारखा आवाज यायचा. मामा हलगी जाळावर धरायचे, फिरवायचे, जाळापासून दूर घ्यायचे, कानाशी नेऊन टिचकी मारायचे. पुन्हा जाळ. घाई नाही. जास्त शेकलं तर कातडं तडकतं, कमी शेकलं तर बोलत नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला टिचकीचा आवाज एकदम वर चढला, कोरडा आणि टणक. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आता बोलती बघा." मग टिपरू पडलं आणि बैलांचे कान उभे राहिले.

क्रॉस नदीच्या काठावर उन्हात ठेवलेलं ते डोकं आणि फुलंब्रीत जाळावर धरलेली ही हलगी, यांच्यात मला अंतर दिसत नाही. दोन्ही ठिकाणी लाकडावर कातडं आहे. ते हवेबरोबर बदलतं, म्हणून दरवेळी कुणीतरी त्याची विचारपूस करावी लागते, आणि तेवढं केल्याशिवाय विधी सुरू होत नाही. एकाला रानटी म्हणायचं आणि दुसऱ्याला संस्कृती म्हणायचं, तर त्याला आधार काय? रंगाशिवाय आणि अंतराशिवाय मला तरी आधार सापडला नाही.

आता 'देवाच्या कामात कातड्याला जागा नाही' या विधानाकडे येतो. हे बोलणारा माणूस या जिल्ह्यात राहतो, याचं मला नवल वाटतं.

त्यांनी वेरूळला जावं. पंधराव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यात अंधकासुराचा वध करणारा शिव आहे. त्याच्या वर उचललेल्या हातांत काय ताणलेलं आहे? सोललेल्या हत्तीचं कातडं. शिवाचं एक नावच कृत्तिवास आहे, कातडं पांघरणारा. त्याचं आसन वाघाचं कातडं. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसायची जागा सांगितली आहे, त्यात कुशावर मृगाजिन अंथरायला सांगितलं आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर मराठीत भाष्य केलं आहे. मुंजीत बटूच्या जानव्याला कृष्णाजिनाचा तुकडा बांधायची रीत आपल्याकडे होती. म्हणजे विद्येच्या उंबरठ्यावर मुलाच्या अंगावर पहिलं काय चढतं, तर जानवं आणि कातडं.

शहरातच पाहायचं तर विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्यांमध्ये सातव्या क्रमांकाचं लेणं पाहावं. सहाव्या शतकातलं हे बौद्ध लेणं. गाभाऱ्यात नृत्य करणारी स्त्री आहे आणि तिच्या साथीला वादक स्त्रिया. त्यांच्यांत चर्मवाद्य वाजवणारी आहे. बुद्धासमोर, दगडात, दीड हजार वर्षं ती ताल धरून आहे. वाद्यांची वर्गवारी करताना नाट्यशास्त्रानं या जातीच्या वाद्यांना अवनद्ध म्हटलं, म्हणजे मढवलेली. स्वाती नावाच्या ऋषीनं तळ्यातल्या कमळाच्या पानांवर पडणारा पाऊस ऐकला आणि त्या आवाजासाठी वाद्य घडवलं, अशी कथा तिथं आहे. वाद्याचं नावच जर मढवण्यावरून पडलं असेल, तर मढवणं ही गौण गोष्ट कशी?

शहराच्या दक्षिणेला सातारा परिसरात खंडोबाचं देऊळ आहे. चंपाषष्ठीला तिथं वाघ्या येतो. त्याच्या हातात दिमडी, कड्यावर ताणलेलं कातडं. भंडारा ठेवायची त्याची पिशवी पूर्वी वाघाच्या कातड्याची असे, आणि लोक त्याच्या नावाचा संबंध त्या कातड्याशी जोडतात. देवाची हळद कातड्यातून निघून तुमच्या-आमच्या कपाळाला लागत आली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघाचं कातडं गेलं, ते गेलंच पाहिजे होतं. पण हळद त्यात ठेवणाऱ्यांना कधी विटाळ वाटला नव्हता, हे विसरू नये.

गोंधळ घ्या. तुळजापूरच्या भवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई, दोन्ही गोंधळ्यांचं संबळ कमरेला बांधलेलं असतं. दोन वाद्यांची जोडी, जुनी लाकडाची, आता तांब्या-पितळेचीही. तोंडावर मात्र कातडं. शेजारी तुणतुणं, म्हणजे लाकडी नळकांडं, तळाला कातडं आणि त्यातून निघालेली एक तार. तार छेडली की थरथरतं ते कातडं. लग्न लागून घरात नवी सून आली की चौक मांडायचा, दिवटी पेटवायची आणि गावोगावच्या देवांना हाकारून बोलवायचं. ती हाक कातड्यावरूनच जाते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लोकसंस्कृतीचे उपासक' मध्ये या उपासकांकडे जितक्या आदरानं पाहिलं, तो आदर आमच्या व्यासपीठांवर कुठे हरवला?

आणि पैठण. नाथषष्ठीला गोदाकाठी दिंड्या येतात, त्यांत गळ्यात तुळशीची माळ घातलेला, मांसाला न शिवणारा पखवाजी असतो. त्याच्या पोटाशी लाकडाचं खोड आणि दोन्ही तोंडांना कातडं. वाद्या कातड्याच्या, त्या ताणायला लाकडी गट्टे. वाजवायला बसण्याआधी तो काय करतो ते कधी जवळून बघावं. परातीत थोडी कणीक मळतो, पोळीला मळतो तशीच, आणि डाव्या तोंडाच्या मधोमध थापतो. मग थाप मारून ऐकतो, चिमूटभर कणीक काढतो, पुन्हा लावतो. अन्न आणि कातडं एकमेकांना चिकटलं की धुमाचा तो खोल नाद येतो, ज्यावर अभंग उभा राहतो. कीर्तन संपलं की कणीक खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा ताजी मळायची. सगळ्या वारकरी संप्रदायाचा ताल या लेपावर उभा आहे. कातड्याला विटाळ असता तर विठ्ठलाच्या नावाचा गजर त्यावर झाला असता का?

तरीही देवळांच्या दारात पाटी असते: चामड्याच्या वस्तू आत आणू नयेत. आपण पट्टा, पाकीट काढून ठेवतो. आत आरतीला नगारा वाजत असतो. मी कुठल्याही देवळाचा नियम मोडायला सांगत नाही. पण पाटी वाचताना नगाऱ्याचा आवाज ऐकू येतो, आणि त्या दोन गोष्टी आपल्या मनात एकत्र येत नाहीत, याचा विचार करायला सांगतो. आता काही देवळांत बटण दाबलं की विजेवर वाजणारी आरती आली. शंभर हातांचं काम एक मोटर करते. तिला शेकावं लागत नाही, मानधन द्यावं लागत नाही.

फायबरच्या पानाचा मुद्दा इथं येतो, आणि तो मी हलका समजत नाही. ढोल-ताशा पथकातली मुलं सांगतात की पावसात कातड्याचा ढोल उतरतो, तासातासाला दोरी ओढावी लागते, मिरवणुकीत वेळ कुठे? त्यांची अडचण खरी आहे. मोकळ्या मिरवणुकीत फायबर वापरलं म्हणून आभाळ कोसळणार नाही. पण वक्ते संबळाबद्दल, म्हणजे गोंधळाबद्दल बोलत होते, विधीबद्दल. तिथं 'साधन बदललं तर काय बिघडलं' हा प्रश्न वेगळ्या जागी पडतो.

माझ्याच विरोधात जाणारं एक उदाहरण सांगतो. गोव्यातलं घुमट हे मातीच्या भांड्याचं वाद्य, त्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं असे. घोरपड कायद्यानं संरक्षित झाली, तेव्हा शेळीचं कातडं आलं. वाद मिटला, घुमट टिकलं, आणि 2019 साली गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. तेव्हा कुणी म्हणेल, घोरपडीवरून शेळीवर येता येतं, तर शेळीवरून प्लास्टिकवर का नाही? कारण शेळीवर येताना मढवणारा माणूस सुटला नाही. कुणीतरी जनावर पाळलं, कुणीतरी कातडं काढलं, भिजवलं, केस खरवडले, ताणलं, कुणीतरी ते हवेशी जुळवून घेत वाजवलं. ती साखळी शाबूत राहिली. फायबरचं पान कारखान्यातून येतं आणि ती साखळी एका फटक्यात तुटते. सुटतं ते नुसतं कातडं नसतं. गोंधळाच्या घराचं ज्या चार घरांशी नातं होतं, ते सुटतं.

आणि इथंच 'अधिक शुद्ध' या शब्दाचा अर्थ उघडा पडतो. शेळीच्या कातड्यात अशुद्ध काय आहे? आपल्याच मराठवाड्यात परवा-परवापर्यंत विहिरीवर मोट चालत होती. ती कातड्याची. तिच्यातून उपसलेल्या पाण्यावर ऊस झाला, गहू झाला, आणि दुपारी त्याच थारोळ्याला तोंड लावून माणसांनी तहान भागवली. शहरात भिश्ती मशकीतून पाणी घालत. पखालीतून गावं पाणी प्याली. पाण्याला विटाळ झाला नाही. विटाळ ठरवला गेला तो मोट शिवणाऱ्या माणसाला, नाडा वळणाऱ्या माणसाला, हलगी शेकणाऱ्या माणसाला. पारावर बैल चढले तरी चालत, हलगीवाल्यानं पाराआडच बसायचं. मी वर जे पोळ्याचं वर्णन केलं त्यात मामा पाराआड का होते, याचं कारण पावसाचं नव्हतं.

म्हणून मी म्हणतो की कातडं अपवित्र आहे हे वाक्य कातड्याविषयी कधीच नव्हतं. ते हातांविषयी होतं. 2016 च्या जुलैत गुजरातेत ऊना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात झोडपलं, तेव्हा हे वाक्य काठी होऊन उतरलं. व्यासपीठावरून ते सात्त्विक शब्दांत बोललं गेलं म्हणून त्याचा अर्थ बदलत नाही.

एक आक्षेप दुसऱ्या बाजूनं येतो, आणि त्याला मी सर्वांत जास्त मान देतो. माझे एक जुने मित्र, चळवळीत आयुष्य घातलेले, मला म्हणाले: "तुम्ही हलगीचं कौतुक करताय, पण ती आमच्या बापजाद्यांच्या गळ्यात बांधलेली वेठ होती. कुणी मेलं की वाजवा, कुणाचं लग्न की वाजवा, आणि मोबदला काय तर पसाभर धान्य. ती सुटली ते बरं झालं." मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टं सोडा असं सांगितलं, त्यामागं हीच आग होती. 1950 साली त्यांनी याच शहरात महाविद्यालय काढलं, पुढे ज्याला मिलिंद हे नाव मिळालं, ते कुणाच्या मुलांनी पुन्हा ढोरं ओढावीत म्हणून नव्हे.

मित्राच्या एकाही शब्दाशी माझा वाद नाही. ज्यानं हलगी खाली ठेवली, त्याला ती पुन्हा उचल असं सांगायचा अधिकार मला नाही, कुणालाही नाही. एवढंच म्हणतो की अन्याय वेठीत होता, वाद्यात नव्हता, आणि हे सर्वांत आधी ओळखलं ते आंबेडकरी जलशांनी. भीमराव कर्डकांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत शाहिरांनी कातड्याच्याच वाद्यांवर मुक्तीचं गाणं गाव-वस्त्यांत नेलं. चौदा एप्रिलला आपल्या शहरात हलगी कडाडते, तेव्हा ती कुणाच्या हुकमावरून वाजत नाही. कातडं तेच असतं. वाजवणाऱ्याची मान ताठ असते. हलगी नकोशी करून जातीचा डाग पुसला जात नाही. हलगीवाल्याला पारावर बसवून, त्याचा भाव त्याला ठरवू देऊन तो पुसायला सुरुवात होते.

एजाघम समाजात त्या डोक्यावर मंडळाचा हक्क असतो, आणि ते बाहेर काढणं हा मान असतो. आपल्याकडेही जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवांची सोंगं त्या-त्या घराण्यांकडे हक्कानं चालत आलेली असतात. मुखवट्याची पूजा होते, मग तो तोंडावर चढतो. मढवलेल्या वाद्याला मात्र आपण देवासमोर आणलं आणि ते मढवणाऱ्याला बाहेर ठेवलं. यांतली रानटी रीत कोणती, याचं उत्तर वक्त्यांनी द्यावं.

आमच्या संग्रहालयांनाही माझं सांगणं आहे. पेटीत संबळ मांडलं की खाली चिठ्ठी असते: लोकवाद्य, लाकूड व चामडे. एवढ्यानं भागत नाही. कातडं कशाचं, मढवलं कुणी, कोणत्या गावात, कोणत्या देवीच्या गोंधळात वाजलं, हे लिहा. पुढच्या पिढीनं ते वाद्य पाहावं तेव्हा तिला माणूस दिसू दे.

आणि वाचकहो, तुमच्याकडे एक विनंती. घरी गोंधळ घालणार असाल किंवा चंपाषष्ठीला दिमडी लागणार असेल, तर चार दिवस आधी मढवणाऱ्याच्या दारी स्वतः जा. कातडं चढवायचे तो सांगेल तेवढे पैसे द्या, घासाघीस करू नका. विधीच्या दिवशी त्याला बोलवा, आणि चौकाजवळ, पाहुण्यांच्या पहिल्या ओळीत बसवा.